गोठ्यातली बाज

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा चालू होता, तेवढ्यात साताऱ्याहून संजूचा, माझ्या आतेभावाचा, फोन आला. "दादा, आई गेली…" पुढचं मला ऐकूच आलं नाही. कुणीतरी हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. आलेल्याला आधी सावलीत बसवावं, मग काय ते बोलावं, हा आत्याचा कायदा. त्या दिवशी तो माझ्याच वाट्याला आला.

आत्या माणदेशात मेंढरांमागं वाढलेली. ऊन म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. लग्न होऊन ती साताऱ्याजवळच्या वस्तीवर आली. घर पत्र्याचं, दुपारी भट्टी व्हायची. म्हणून कडुलिंबाखालच्या शेळ्यांच्या गोठ्यात तिनं बाज टाकली. आल्यागेल्याची बैठक तिथंच. लहानपणी बोकडानं माझी शाळेची टोपी खाल्ली, तीही त्याच बाजेवर.

मग हद्दवाढ झाली, वस्ती शहरात गेली. नळ यायच्या आधी घरपट्टीचे नवे नियम आले. माणूस बसतो-उठतो ती प्रत्येक जागा आता पट्टीत धरायची. मोजणीवाले भर उन्हाळ्यात आले तेव्हा वस्तीनं दारं लावून घेतली. आत्यानं मात्र त्यांना गोठ्यात नेलं. "उनाचं आलायसा, बसा की." ताक दिलं. ताक पिऊन त्यांनी गोठ्याची नोंद बैठकीची खोली म्हणून केली! सगळी वस्ती हसली. आत्यालाही हसू आवरेना.

निवडणूक तोंडावर होती, त्यामुळं वॉर्डातले एक पुढारी धावत आले. "आवं आत्या, बाज तेवढी उचला. सुनावणीत सांगा, हितं निस्ती शेरडं असत्यात. फुडचं मी बघतो." संजूला ते पटलं, पट्टी त्यालाच भरायची होती. तो बाज उचलायला गेला, तर आत्या जाऊन बाजेवरच बसली. मायलेकरांचा अबोलाच झाला काही दिवस…

सुनावणीला मीही होतो. साहेबांनी विचारलं, "आजी, गोठ्यात माणसं बसतात का?" मागून पुढारी खाकरले.

"बसत्यात की," आत्या म्हणाली. "तुमचीच बसली हुती. शेरडं बी बसत्यात, त्येंला बी लावा पट्टी."

साहेबांनाही हसू फुटलं. त्यांनी फेरमोजणी लावली. परतताना रिक्षात संजू चिडला, "येक शबूद खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"आल्याला उनात हुबं करू व्हय रं, पट्टीसाठी?"

फेरमोजणी काही तिनं पाहिली नाही. झोपेतच गेली. इतकी हट्टी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि इतकी आठवणही मला दुसऱ्या कुणाची येत नाही.

परवा साताऱ्याला गेलो, तर बाज घरामागं भिंतीला उभी केलेली. गोठ्यात शेळ्या, बाकी मोकळं. बिल आता संजूच्या नावानं येणार. दुपारी फेरमोजणीची माणसं आली, घामानं निथळत. "मोजा," संजू म्हणाला, "हितं निस्ती शेरडं असत्यात." ती माणसं उन्हातच उभी राहून टेप सोडवू लागली. संजूनं त्यांच्याकडं बघितलं. मग घरामागं गेला. बाज खांद्यावर घेऊन आला, गोठ्यात टाकली, टॉवेलनं झटकली.

"उनाचं आलायसा," तो म्हणाला. "बसा की."