बुडावरचे साल

कुणाची भक्ती टाळात वसते, कुणाची तुळशीच्या पाण्यात. वामनराव पाटणकरांची भक्ती पितळेच्या बुडात वसली. नौदलाच्या दारूगोळा भांडारात तीस वर्षे त्यांनी उडालेल्या तोफ-काडतुसांच्या रिकाम्या नळ्या तपासल्या. एकेक हाती घेतली, एकेक उलटी केली, एकेकीचे बूड वाचले. आता वय एक्क्याऐंशी, एक कान तोफांनी नेलेला, आणि मुक्काम झिरकपूरला, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. समुद्र इथून किती दूर! तरी चंदीगडच्या आसपास फौजी घरांतून अशा नळ्या फुलदाण्या होऊन बसल्या आहेत, आणि ओळख पटवायला लोक यांचेच दार वाजवतात.

"बाबा, पुन्हा पितळ आलंय," सून विनया म्हणाली. "झोपलेत म्हणून सांगू?"

"नको गं. चार जिने चढून आलंय कुणीतरी. लिफ्ट बंद आहे ना?"

गुडघ्यांवर हात रोवून ते उठले.

आल्या होत्या मोहालीच्या लीलावतीबाई. त्यांचे यजमान अच्युतराव नौदलात तोफेवर होते. ते गेले, नळी देवघरात राहिली. रविवारी मराठी मंडळात एकाहत्तरच्या युद्धाचे प्रदर्शन होते. नळी तिथे ठेवायची, तर ती युद्धातली असल्याची वामनरावांची चिठ्ठी हवी होती.

"काय लखलखतेय हो, वहिनी!"

"दर गुरुवारी चिंच लावते, भावजी. देवाच्या भांड्यांबरोबर."

"अहो, चिंचेनं अर्धी पोथी धुतलीत की! युद्धाची की सरावाची, ते अंगावर रंगानं लिहिलेलं असतं."

"अगंबाई! मग आता?"

"आता बूड. तिथली अक्षरं ठोकलेली असतात."

त्यांनी भिंग धरले. बुडाच्या मधल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला खोच होती. म्हणजे उडालेली, घरात निर्धोक. कडेने माप, कारखान्याची खूण, आणि साल. साल त्यांनी तीनदा वाचले.

"वहिनी, ही चौऱ्याहत्तरात घडलीय. लढाई एकाहत्तरात संपली. अच्युतराव निवृत्त होईपर्यंत दुसरी झाली नाही. ही सरावाचीच."

लीलावतीबाई हळूच म्हणाल्या, "ह्यांनीच लढाईची म्हणून सांगितलेलं. मी सगळ्या नातवंडांना तेच सांगितलं. एवढासा आकडा, भावजी. कोण वाचणार तिथे?"

"मी वाचला ना."

दमलेला देह म्हणत होता, लिही 'युद्धाची' हा एक शब्द आणि टेक पाठ. दमलेले डोळे म्हणत होते, कुणाचे काय जाते? पण ज्या हाताने तीस वर्षे खोटी नोंद केली नाही, तो हात आज कुणाचे ऐकेना. त्यांनी लिहिले : सराव गोळीबारातील, घडण १९७४. खाली सही केली.

"सरावालाही जीव लावून उभं राहावं लागायचं, वहिनी. माझा कान सरावातच गेला, तोफेशेजारी नळ्या मोजताना."

लीलावतीबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली. "प्रदर्शनात नको मग." नळी पिशवीत गेली. दारात त्या थांबल्या. "तुमच्यावर राग नाही हो. राग ह्यांच्यावर आलाय, आणि भांडायला माणूस नाही."

वामनरावांनी पिशवी आपल्या हाती घेतली आणि कठडा धरून, एकेक पायरी, त्यांच्याबरोबर खाली उतरू लागले.