ऑल व्हीलला परवानगी

आमच्या घरात गाडी बायको चालवते. दोन हजार दहानंतर केव्हातरी तिने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, तीही ऑल व्हील ड्राइव्ह. "चारही चाकांना ताकद कशाला? आपण पनवेल सोडून जातो कुठे?" असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "जाऊ की."

सुकापूरच्या एका वृद्धाश्रमात ती रविवारी जायची. तिथे मूळच्या उरणच्या एक आजी होत्या. सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं, आणि आता अर्धांगवायूमुळे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या. एकदा त्या बायकोला म्हणाल्या, "पोरी, समुद्र लांबून नको दाखवू. मना पाय बुडवायचा हाय." हिने लगेच कबूल केलं.

उरणच्या बाजूला आमच्या ओळखीचा एक किनारा होता. पण रस्ता संपतो तिथून पाणी बरंच लांब, आणि वाळूत खुर्चीची चाकं फिरत नाहीत. गाडीच खाली न्यायला हवी होती. हौशी लोकांच्या गाड्या भरतीत अडकायला लागल्यापासून गावाने आणि पोलिसांनी मिळून वाळूवर गाड्यांना बंदी केली होती. तसंच काही काम असेल तर परवानगी मिळे, पण ती फोर बाय फोर जीपला.

आजींना न घेता आम्ही दोघं आधी विचारायला गेलो. किनाऱ्यावर गावाच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भेटले, सोबत बंदोबस्तावरचे हवालदार. बायकोने काम सांगितलं. अध्यक्षांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेतून आत डोकावले.

"फोर बाय फोर हाय का?"

"ऑल व्हील ड्राइव्ह आहे."

"लिव्हर तं दिसत नाय."

"नाहीच आहे," ती म्हणाली. "जीपमध्ये लिव्हर ओढला की चारही चाकं एकदम जोर लावतात. हिची पुढची चाकं घसरायला लागली, की ही आपण होऊन मागच्या चाकांना जोर देते."

"म्हंजे आदी घसरनार, मंग जोर लावनार."

"हो. आणि जीपला सावकाश ओढणारा गिअर असतो, तोही हिला नाही."

मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं. हवालदार हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगताय की गाडी नियमात बसत नाही."

"जीपच्या बरोबरीची नाही, एवढंच सांगतेय. ओल्या, घट्ट वाळूवर मात्र चालेल. रिकामी नेऊन दाखवते. काका, तुम्ही शेजारी बसा. नाही जमलं तर आम्ही पुन्हा विचारायला येणार नाही."

अध्यक्ष बसले. मी मागे. तिने खाली उतरून, वाळूत रुतू नयेत म्हणून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि पाण्याकडे पाहिलं. ओहोटी होती. होड्या ओढायच्या उतारावरून गाडी खाली आली, आणि पुढे कोरड्या वाळूचा पट्टा लागला. पुढची चाकं गरगरल्याचा आवाज आला, गाडीचं नाक खाली गेलं. मी समोरची सीट घट्ट धरली. तिने ना ब्रेक दाबला, ना गाडी रेटली. पाय होता तिथेच ठेवला. मग मागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी सरकली आणि पट्टा ओलांडून ओल्या वाळूवर आली. तिथे ती रस्त्यावरच्यासारखी चालायला लागली.

अध्यक्ष खूश झाले. "आता तिकडं घ्या, सुरूच्या झाडांकडं. म्हातारीला सावली मिळंल."

ती थांबली. उतरून थोडं चालत गेली. तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. परत येऊन म्हणाली, "इथे नाही नेणार, काका."

"आवो, जीप जाते तिथं."

"जीप जाईल. ही रुतेल."

अध्यक्षांनी काचेतून तिच्या पावलांच्या खड्ड्यांकडे पाहिलं. वर आल्यावर हवालदारांना म्हणाले, "चालंल. कुठं थांबायचं त्ये बाईला समजतंय." हवालदारांनी अट घातली, ओहोटीला यायचं, ओल्या वाळूच्या पुढे जायचं नाही आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. बायकोने मान डोलावली. मी मागच्या सीटवर उगाचच ताठ बसलो होतो. इतकी वर्षं हिच्या शेजारी बसून मी खिडकीबाहेर बघत आलो होतो, ही गाडी कशी चालवते ते त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या रविवारी आजींना घेऊन गेलो. वर रस्त्यावर एक जोडपं तशीच गाडी घेऊन उभं होतं. आमच्याकडे बोट दाखवून "त्यांची जाते, मग आमची का नाही?" असं ते हवालदारांना विचारत होतं. हवालदार म्हणाले, "त्यांनी आधी चालवून दाखवली. तुम्ही पण अध्यक्षांना भेटा."

पाण्यापासून चार पावलांवर बायकोने गाडी उभी केली. आम्ही दोघांनी आजींना धरून खुर्चीत बसवलं आणि घट्ट वाळूवरून खुर्ची पुढे ढकलली. लाट आली, पायांवरून गेली. आजींनी डोळे मिटले, मग उघडले.

"गार हाय गं," त्या म्हणाल्या. "आनखी थोडी फुडं घे."