भावकीतली गोळी

भंडाऱ्याच्या एका फार्मसी कॉलेजात मी नशेच्या औषधांचं वर्गीकरण शिकवते, आणि हा धडा मला मनापासून आवडतो. तरतरी आणणारी, सुस्ती आणणारी, भास घडवणारी आणि मग माझी लाडकी ओपिऑइड्स. अफूच्या बोंडातून थेट निघालेलं मॉर्फिन, त्यात फेरफार करून झालेलं हेरॉइन, प्रयोगशाळेतच जन्मलेलं फेंटानिल. इतकी वेगळी मंडळी एका भावकीत कशी, याचं नवल मला अजून वाटतं.

गेल्या वर्षी बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं आणि आसगावच्या आमच्या घरात माझी विद्या चालेना. बाबा दिवसभर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडलेले, आणि गोळ्यांचं पाकीट आईनं धानाच्या कोठीवर चढवून ठेवलेलं.

"अफूच हाये ना हे? आता या वयात यायले नशेबाज करतं काय?"

मी चिडले. फळा नसताना शिकवायचं तरी कसं? तेवढ्यात तिच्या कमरेची पिशवी दिसली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेतातल्या बांधीत कुणा बाईचं पोट बिघडलं, की आई त्यातून हगवणीची गोळी काढून देते.

"आई, तुही हे गोळी बी त्याच भावकीतली हाये."

"काय बी नको सांगू."

मग सांगितलं. तिची गोळी आतड्यातच काम करते, नेहमीच्या डोसात मेंदूपर्यंत पोचत नाही. मॉर्फिन पोचतं, म्हणून दुखणं दबतं. नशा होऊ शकते, हेही लपवलं नाही; म्हणून तर डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं.

आईनं पिशवीतली गोळी काढून तळहातावर उलटसुलट करून पाहिली.

"मंग यायचं बी पोट बांधल्या जाईन ना?"

"जाईन. म्हणून तर डाक्टरनं पोट साफ व्हायचं औषध बी देल्लं."

नशेशी कसं लढायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बांधलेल्या पोटाशी ठाऊक होतं. तिनं स्टूल ओढलं आणि पाकीट खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरात आले तर आई खाटेच्या पायथ्याशी उभी. बाबा उताणे झोपले होते, पाय सरळ, टाचा खाटेबाहेर आलेल्या. आई डोळे पुसत होती.

"एवढे उंच हायेत हे," ती म्हणाली, "मी तं इसरूनच गेली होती."