एकाच पडद्यावर दोघं

नवख्या सेन्योंगाकडे निकालाचं मशीन सोपवलं, त्या दिवसापासून नाबाच्वाच्या पोटात दुखत होतं. समोर केळ्यांचा आवडता मटोके आला तरी घास उतरेना.

विद्यापीठाचे निकाल ठेवलेलं ते व्हर्च्युअल मशीन तिनेच उभं केलं होतं. त्याला हात लावता येत नाही, ते सर्व्हरच्या आत राहतं. नेटवर्क तुटलं की आपल्या संगणकावरच्या कन्सोलच्या खिडकीतून त्याचा पडदा उघडायचा, तोही फोनवरचा कोड दिल्यावरच. हा बंदोबस्त तिचा. नवख्यांना शिकवायला दोघांना एकच पडदा दिसावा आणि दोघांनाही त्यात टाइप करता यावं, ही सोयही तिचीच. आणि तिला आदराने 'न्याबो', म्हणजे बाई, म्हणणारे विभागप्रमुख मुकीबीसाहेब काय म्हणाले? "न्याबो, आता तरुण हातांना करू द्या. तुम्ही दमलात."

दमले म्हणे!

ऐन निकालाच्या दुपारी मशीनचं नेटवर्क गेलं. साहेब फाटकावरून ओरडत होते, "सेन्योंगा, आटप! पोरं माझा जीव खातायत!" सेन्योंगा प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बसला होता. नाबाच्वाने गुपचूप आपल्याकडे कन्सोल उघडलं.

त्याचा पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिला मनापासून हसू आलं. कंपालातले कीबोर्ड ब्रिटिश छापाचे, मशीन अमेरिकी छापाचं. कन्सोलमध्ये @ दाबला की अवतरणचिन्ह उमटतं. पासवर्डात @ तिनेच घातला होता.

"चूक की अजून," ती पुटपुटली. "तरुण हात ना!"

आता आणखी एकदा चुकला की खातं बंद आणि निकाल उद्यावर. पोरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? पण सांगावं तर चोरून बघणं उघडं पडणार. ओरडून सांगावं, तर पासवर्डाबद्दल मोठ्याने बोलायचं नाही हा नियमही तिचाच. मेले सगळे नियम तिचेच!

शेवटी तिने पडद्यावर लॉगिनच्या नावासाठी असलेल्या चौकटीत टाइप केलं: "@ साठी शिफ्ट धरून २ चं बटण दाब. बटणावर काय छापलंय ते बघू नकोस."

चौकट पुसली गेली. मग त्यात अक्षरं उमटली: "न्याबो, कधीपासून बघताय?"

"आत्ताच आले," तिने लिहिलं.

"मग 'चूक की अजून' कोण म्हणालं? भिंत प्लायवूडची आहे, न्याबो."

त्याने तेही पुसलं आणि बरोबर पासवर्ड देऊन मशीनमध्ये शिरला. थोड्या वेळाने निकाल दिसू लागले आणि फाटकावर पोरांचा गलका उठला. नाबाच्वा कान लाल करून बसली होती. कन्सोलची खिडकी बंद करायचंही तिला सुचलं नाही.