मी, ऊर्फ अजी

मला स्वतःचे नाव नीट लिहिता येत नाही, हे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सिद्ध झाले. (मी शाळेत मराठी शिकवतो.)

माझी बायको करुणा साडेतीन वर्षांपासून कॅनडात नर्स आहे. आता ती तिथली कायमची रहिवासी झाली, आणि कायमच्या रहिवाशाला आपला नवरा मागवून घेता येतो. पार्सलसारखा! पार्सलवर नाव बरोबर हवे, एवढीच अट.

फुलचूरच्या घरात बसून मी फॉर्म भरत होतो. सगळे सुरळीत चालले होते, आणि मग तो रकाना आला : 'आजवर ज्या ज्या इतर नावांनी ओळखले गेलात, ती सर्व लिहा.'

शहाण्या माणसाने तिथे 'नाही' लिहिले असते. पण मी पंचवीस वर्षे पोरांना बजावत आलोय, "रकाना कोरा सोडायचा नाही, अन् खोटं लिहायचं नाही!" मी आठवू लागलो. आई देवानंदचे 'देवा' करायची. ती गेली, तिच्यासोबत ते नावही गेले. पोरे पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणतात, पण ते मला माहीत नाही असे आमचे ठरलेले आहे. उरले एकच. आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, म्हणून करुणा मला अठरा वर्षे 'अजी' म्हणत आली. अजी, सिलिंडर संपलं. अजी, नळ आले. अजी, पाल! दिवसातून साठ वेळा. आता दिवसातून एकदा, तेही नेट चालू असले तर. माझे बोट आपोआपच चालले : ए, जे, आय.

महिन्याभराने उत्तर आले. या दुसऱ्या नावाचा पुरावा जोडा, आणि पोलिसांचा दाखला दोन्ही नावांनी आणा!

मी ऑनलाइन सेंटरवाल्या पप्पूभैयाकडे धावलो. त्याने आधी स्क्रीन पाहिली, मग मला पाहिले.

"सर, आप आजी हो?"

"आजी नाही, अजी!"

"पढने में तो आजी ही आ रहा है. वो सोचेंगे, बुलाया पती को और आ रही है दादी!"

तेवढ्यात करुणाचा फोन. ते उत्तर तिलाही गेले होते.

"अजी, काय लिहून ठेवलं जी तुमी?"

"तू म्हणतेस तेच."

"मी तं 'डोकं आहे का तुमाले' असंबी म्हणते! थेबी लिहाचं होतं!"

"रकाना लहान होता."

पोलीस ठाण्यातले हवालदार खूश झाले. "ऊर्फवाले लोकं आमी शोधत फिरतो, मास्तर. सोताहून आले असे तुमी पयलेच!" मग रजिस्टर चाळून त्यांनी सांगितले, की अजी नावाच्या इसमावर इथे एकही गुन्हा नाही. मला उगाच अभिमान वाटला.

पुराव्यासाठी मी शेजारच्या काकूंना साक्षीदार करायचे ठरवले.

"काकू, करुणा मला अजी म्हणायची, हे तुम्ही ऐकलंय ना?"

"आयकलं म्हंजे? सकाळी आमाले घड्याळ नाही लागे! मंग एकदम बंदच झालं. घर कसं मुकं-मुकं वाटते तुमचं."

त्या लिहून द्यायला तयार होत्या. पण मीच म्हणालो, "राहू द्या काकू," आणि तसाच परत आलो. (नळ यायची वेळ झाली होती!)

शेवटी मी पटले आडनावाच्या नोटरी वकिलांकडे गेलो. त्यांनी एका मिनिटात गाठ सोडवली. "सोपं आहे. लिहून द्या, नाव चुकून लिहिल्या गेलं. या नावानं मले कोणी हाक मारत नाही."

"पण मारते ना एक जण."

"कुठं राहते?"

"कॅनडात."

"मंग तिच्याकडं जाचं आहे का नाही तुमाले?"

जायचे तर होतेच. त्यासाठीच तर सारे! मी मान खाली घातली. वकिलांनी मजकूर वाचला : 'अजी या नावाने मला कोणीही हाक मारत नाही, व मी त्यास ओ देत नाही.' मी शपथ घेतली. सही केली. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. ड्यूटीला निघण्याआधीचा तिचा फोन. मी स्पीकर लावला.

"अजी!"

"ओ!" म्हणून मी उठलो आणि तडक दाराकडे चालू लागलो. तीन पावले गेल्यावर ध्यानात आले, की आवाज टेबलावरून आला होता. दारात फक्त वकिलांच्या चपला होत्या.

"मास्तर," वकील म्हणाले, "शाई तरी वाळू द्याची ना जी!"

त्यांनी कागद टरकन फाडला. म्हणाले, खोटे जमत नसेल तर आता खरेच लिहू. आणि फोनकडे वाकले. "बाई, तुमी अजी म्हणता ते कोण? पूर्ण नाव सांगा."

फोन आधी खाकरला.

"लिहून पाठवू का?"

"बोला!"

"उखाणा घेतला तं चालते का?"

"स्टॅम्प पेपरवर उखाणा नाही चालत, बाई!"

मग लग्नानंतर पहिल्यांदाच, अगदी हळू, चाचरत तिने हाक मारली, "देवानंद..."

मी परत खुर्चीत येऊन पंख्याकडे बघत बसलो होतो. काय गोड आवाज, आणि कोणाला हाक मारते आहे बिचारी!

"अवो देवानंद!"

मी पंख्याची पाती मोजू लागलो.

पटले वकिलांनी पेनाला टोपण लावले. "घ्या! अजीचा पुरावा भेटला, मास्तर. आता देवानंदचा घेऊन या!"