दाऊदमामूंची एकादशी

दाऊदमामूंकडे घड्याळ नव्हतं, पण त्यांची तिथी कधी चुकत नसे. पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस सकाळी अंगणात उभा राहून "आज चतुर्थी!" असं एखाद्या भटजीच्या थाटात जाहीर करी, तेव्हा दुबईत नवीन आलेली माणसं चमकून बघत. आम्हाला सवय होती. कोकणातला तांडेल, म्हणजे गलबत हाकणारा, कुठल्याही देवाला हाक मारणारा असो, भरती काढतो तिथीवरूनच. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती. दुबईच्या खाडीत हा हिशेब चुकतो हे कळल्यावर दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. मामूंनी काठावर बांबू रोवला, वर्षभर त्यावर खुणा केल्या आणि इथला वेगळा हिशेब बसवला. "पानी म्हंजे चांदाचा नोकर हाय," ते म्हणत. "मालक कळला की नोकर कुठं जाईल ता कळतं."

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे थोरले भाऊ. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून वीस वर्षं त्यांनी गलबत हाकलं होतं आणि आता दुबईच्या धक्क्यावर मुकादमी करत होते. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत वीज थोड्याच घरांत होती, रस्ते तर गाव संपायच्या आतच संपत. आम्ही खाडीच्या अलीकडे, देरा भागात राहायचो आणि माझी शाळा खाडीपलीकडे होती. जायला अब्रा, म्हणजे कठडा नसलेली लाकडी होडी. सात वर्षांची असताना पायरी आणि अब्रा यांच्यामधल्या फटीतून मी पाण्यात पडले होते. कुणीतरी वेणीला धरून वर काढलं. पण त्यानंतर अब्रात पाय ठेवला की मी रडून आकाशपाताळ एक करायची. नऊ वर्षांची झाले तरी तेच. शेवटी अब्बा वैतागले. म्हणाले, "बकरीदीच्या सुट्टीनंतरही हेच चाललं, तर खलास. सकूला गावी नानीकडे पाठवू. तिथे शाळा चालत जाण्याजोगी आहे."

अम्मी पदराने डोळे पुसू लागली. मला तर अम्मीला सोडून राहायचं या विचारानेच घास उतरेना. तेवढ्यात मामू दारातून म्हणाले, "पोरगी कुठं जानार नाय. पोहायला शिकली की भीती जाते. मी शिकवतो."

खाडीत उतरायला मी तयार होईना. तेव्हा मामूंनी एका ट्रकवाल्याकडून शोधून काढलं की डोंगरात एक वादी आहे. वादी म्हणजे एरवी कोरडी पडणारी नदी, पण तिच्या खडकांत वर्षभर गोड्या पाण्याचे डोह असतात. झालं! बकरीदीच्या दुसऱ्या दिवशी अब्बांनी ऑफिसातली लँडरोव्हर मागून आणली आणि आम्ही निघालो: अब्बा, अम्मी, मामू, जुबेदामामी आणि मी. शिवाय कुर्बानीच्या मटणाचं डेगचं, स्टोव्ह, शिडाच्या कापडाचा तंबू, काथ्याचा दोर आणि न सोललेले दोन सुके नारळ. हे नारळ काखेखाली बांधून गावाकडे मुलं पोहायला शिकतात. अर्धा दिवस वाळू आणि दगडगोटे तुडवत आम्ही पोचलो. कड्यावरची एक झोपडी सोडली तर मनुष्यवस्ती कुठेच नव्हती. हिरव्या पाण्याचा एक डोह, वर उघडे डोंगर आणि शेळ्या राखणारा एक म्हातारा बद्दू, म्हणजे वाळवंटातला अरब.

मामूंनी डोहाशेजारी नदीच्या पात्रातच तंबू ठोकला. वाळू मऊ, सपाट, सावलीची. म्हातारा काठी आपटत आला आणि वरच्या कड्याकडे बोट करून ओरडू लागला, "फोक! यल्ला, फोक!"

"वर जा म्हणतोय," अब्बा म्हणाले. धंद्यापुरतं अरबी त्यांना येत असे. "दाऊदभाई, ऐकूया का त्याचं?"

मामूंनी खडकावरची पांढरी रेघ दाखवली. ती त्यांच्या डोक्याच्याही वर होती. "ही उधानाची रेघ. आज एकादशी हाय. एकादशीला भांगाची, म्हंजे लहान भरती, पानी अर्ध्यावर पन येनार नाय. म्हाताऱ्याला सांगा, तांडेल हाय मी."

"अहो, हा डोंगर आहे, खाडी नाही," मामी म्हणाली.

"आपल्या गावची खाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जात नाय काय? पानी ता पानी."

म्हातारा मान हलवत वरच्या खडकावर जाऊन बसला, पण गेला नाही. आज वाटतं, तो आमच्यासाठीच बसला होता.

दुपारी मामूंनी माझ्या काखेखाली नारळ आणि कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून ते छातीभर पाण्यात उभे राहिले. मी त्यांचा गळा सोडेना. ते रागावले नाहीत. "रड, पन पाय हलवत रड," म्हणाले. तासाभराने मी रडत रडत दोन हात मारले आणि तरंगले. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याने मला धरून ठेवलं होतं.

माथ्यावर आभाळ लख्ख निळं होतं. आधी शेळ्या आपणहून कड्यावर चढल्या. मग म्हाताऱ्याची किंकाळी ऐकू आली, तशी अम्मी, मामी आणि अब्बा तंबू सोडून कड्यावर पळाले. डोहात काटक्या आणि फेस आला, पाणी बघता बघता तांबूस झालं आणि वळणापलीकडून मोठी घरघर येऊ लागली. मामूंनी मनगटाचा दोर सोडून वर भिरकावला. म्हाताऱ्याने तो धरला, अब्बा धावले आणि मी खडकावर खरचटत वर ओढली गेले. मामू मात्र खालीच. ते एका काटेरी झाडाला मिठी मारून उभे होते आणि लोंढा त्यांच्या खांद्याशी आला होता. दोर पुन्हा खाली टाकला, त्यांना वर घेतलं तेव्हा दोन्ही हात रक्ताळलेले. तंबू, स्टोव्ह, डेगचं सगळं आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं; गाडी तेवढी वरच्या वाटेवर उभी होती म्हणून वाचली.

मामी आधी रडली, मग कडाडली. "पोरीला मारलं असतं! आणि स्वतः मेले असते! शिकवायला निघाले, स्वतःला पोहता येतंय का?"

मी मामूंकडे बघतच राहिले. वीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं!

"आमच्यात शिकत नाय," ते खाली बघत म्हणाले. "पोहनारा तांडेल गलबत लवकर सोडतो."

हा माणूस सारी दुपार माझ्यासाठी छातीभर पाण्यात उभा होता, आणि पायाखालचा दगड सरकला असता तर त्याला परतायची वाट नव्हती.

मग मामू उठले. रक्ताळल्या हातांनीच त्यांनी म्हाताऱ्याचे हात धरले आणि अब्बांना म्हणाले, "सांगा त्याला, मी चुकलो. हे पानी मला वाचता येत नाय, मला शिकव." म्हाताऱ्याने दूर, डोंगरांच्या मागच्या रांगेवर बोट ठेवलं. तिथे काळा ढग लोंबत होता. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी इकडे येतं, असं तो सांगत होता. मामूंनी बराच वेळ तिकडे पाहिलं. "म्हंजे इथला मालक येगळा हाय," ते म्हणाले.

ती रात्र आम्ही कड्यावर म्हाताऱ्याच्या झोपडीत काढली. सकाळी लोंढा ओसरून डोह स्थिरावला होता, गढूळ पण शांत. अब्बा गाडीकडे निघाले, तर मामूंनी पुन्हा दोर काढला. मामीने कपाळावर हात मारला.

"मालकाला इचारलंय," मामू म्हणाले. खरंच, पहाटे त्यांनी म्हाताऱ्याला वर नेऊन मागच्या रांगेवरचं आभाळ त्याच्याकडून तपासून घेतलं होतं. "आज ही भीती घेऊन घरी गेली, तर भीती हिच्याबरोबर म्हातारी होईल. चल सकू."

"तुम्हीपण शिकणार असाल तर," मी म्हणाले. कुठून बोलले, अल्ला जाणे.

मामूंनी एक नारळ माझ्या काखेला बांधला आणि एक स्वतःच्या. दोर त्यांनी धरला तेव्हा मी डोह पार केला. मग मी काठावरून दोर धरला, माझ्यामागे अब्बांनी धरला, आणि मामू नांगरासारखे सरळ तळाला गेले. वर आले, खोकले, म्हणाले, "परत." सात वेळा ते बुडाले. पोहायला काही जमलं नाही, पण आठव्यांदा पाण्यात उतरताना त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, तेही हसत.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी अब्रात डोळे उघडे ठेवून बसले. रडू येत होतं, म्हणून पाय हलवत राहिले. मला कुणी गावी पाठवलं नाही.

दोन वर्षांनी मामूच कायमचे गावी निघाले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले, त्यामुळे ती आमची शेवटची भेट. मोठी बोट खोल पाण्यात उभी असे, तिथवर होडीने जावं लागे. अब्बांबरोबर मीही पोहोचवायला गेले. भर समुद्रात होडी जोराने हेलकावली आणि मामूंनी हळूच माझं मनगट धरलं.

"पडलो तर ओढशील ना?"

"दोर आणलाय?"

"नाय."

"मग हात सोडू नका."

ते मोठ्याने हसले. हात मात्र बोटीची शिडी लागेपर्यंत सोडला नाही.