मुकुटाखालची खूण

एझरा आपटेकरशी ज्याचं एकदाही वाजलं नाही असा माणूस जुन्या पनवेलमध्ये सापडला, तर तो नुकताच राहायला आलेला असणार. दूधवाला पिशवी कडीला अडकवतो आणि बेल न वाजवता सटकतो. इस्त्रीवाला कपडे मझलच्याच हातात देतो. मझल म्हणजे एझराची बायको. "ह्यांनी घेतले तर आधी घड्या मोजतील, मग चुका," असं ती स्वतःच सांगते.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एझरा स्नूकर आणि पूलच्या क्यू बनवतो. क्यू हा शब्द मात्र त्याला चालत नाही. त्याच्यासाठी ती काठी. पुढचा निमुळता भाग परदेशी अ‍ॅशचा, मागचा जाड बुंधा शिसवीचा, आणि दोन्ही लाकडं पितळी आट्यांच्या जोडाने एकमेकांत बसवलेली. शेडमध्ये लेथ, पटाश्या, कानशी, आणि येणाऱ्याला बसायला काहीही नाही.

"काका, ह्या क्यूचं पॉलिश काढून नवं मारायचंय."

"कुणाची काठी?"

"माझी."

"ते कळलं. तू विकत घेतलीस. बनवली कुणी?"

गिऱ्हाईक काठी उलटीसुलटी करून बघतं.

"मग कळव. तोवर ठेव तुझ्याकडे."

त्याचं म्हणणं एकच. काठी करणारा प्रत्येक जण आपली खूण ठेवतो. कुणी पॉलिशखाली शाईने सही करतो, कुणी बुडाच्या रबराखाली कोरतो, कुणी जोडाच्या आत. दुसऱ्याची काठी दुरुस्तीला आली की त्याची खूण आधी शोधायची, तिला हात लावायचा नाही आणि आपली खूण तिच्या खाली, लहान, काढायची. "दुसऱ्याच्या नावावरून पॉलिश पेपर फिरवणारा माणूस उद्या थडग्यावरची अक्षरंही खरवडेल," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. गिऱ्हाइकाला फक्त पॉलिश हवं असतं.

ह्या हट्टाला कारण आहे. उमेदीच्या काळात एझराची एकही काठी एझराची म्हणून विकली गेली नाही. मुंबईचा कृष्णकांत नावाचा व्यापारी माल उचलायचा आणि येताना पितळी बिल्ल्यांची पुडी आणायचा. रुपयाएवढा गोल बिल्ला, त्यावर मुकुट आणि खाली 'मेड इन इंग्लंड'. बुंध्याच्या बुडाशी खाच कोरायची आणि त्यात तो चिकटवायचा.

"पनवेलची काठी कोण हातात धरेल, एझराशेट?" कृष्णकांत हसून म्हणायचा.

एझरा हसायचा नाही. बिल्ला चिकटवण्याआधी त्या खाचेच्या तळाला तो पटाशीने तीन रेघा मारायचा. कावळ्याचा पाय. वर इंग्लंडचा मुकुट, खाली पनवेलचा कावळा.

तेव्हा शेडमध्ये ताहेर तुंगेकर त्याचा भागीदार होता. शुक्रवारी दुपारी ताहेर नमाजला जाई तेव्हा लेथ एझराकडे. शुक्रवारी दिवस कलला की ज्यूंचा शब्बाथ लागे, एझरा अवजारं पुसून घरात जाई आणि शनिवारभर लाकडाला बोट लावत नसे. तेव्हा लेथ ताहेरकडे. दोघांचे देव वेगवेगळ्या दिवशी सुट्टी देत असल्यामुळे लेथ कधी थंड पडलं नाही. ताहेरचीही खूण होती, तांदळाचा दाणा आणि त्याच्या टोकाला टिंब. ज्याने बुंधा घडवला त्याची खूण त्याच्या खाचेत. बिल्ला मग कुणीही चिकटवो.

पुढे कृष्णकांत गेला, बिल्ले संपले, आणि गिऱ्हाइकं करणाऱ्याची सही मागू लागली. एझराने शेडमधल्या सगळ्या काठ्यांवर एकच सही केली, 'एझरा, पनवेल'.

"निम्मे बुंधे माझे आहेत," ताहेर म्हणाला.

"काठीवर दोन नावं मावत नाहीत."

"मग माझं लिही."

"हात तुझा पॉलिशला बरा आहे, ताहेर. पॉलिशच कर."

ताहेरने लाखेचा डबा, ब्रश आणि टोपी उचलली. एसटी स्टँडमागे त्याने दारं-खिडक्यांच्या पॉलिशचं दुकान काढलं. तेव्हापासून बाजारात समोरासमोर आले की दोघेही रस्त्याची आपापली बाजू धरतात.

गेल्या वर्षी शैलेश शेडमध्ये आला तो हातात लांब पेटी घेऊन. शैलेश पूल पार्लर चालवतो आणि नवीन पनवेलमध्ये त्याचं दुसरं, मोठं पार्लर उघडणार होतं.

"काका, ही कुमारची क्यू."

कुमार म्हणजे पनवेलचा तो पोरगा, जो एकेकाळी राज्याची स्पर्धा जिंकून आला आणि ज्याची गावाने जीपमधून मिरवणूक काढली. पुढे तो नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि काठी शैलेशच्या वडिलांकडे ठेवून गेला.

"काचेच्या पेटीत लावणार आहे, दारासमोरच. खाली पितळी पाटी. 'कुमारची इंग्लिश क्यू'. जरा पॉलिश उजळून द्या."

एझराने काठी घेतली. डोळ्याच्या रेषेत धरली. खाली केली.

"इंग्लिश?"

"बिल्ला आहे ना."

"बिल्ला तुझ्या कपाळावर चिकटवला तर तू राजा होशील? ही काठी ह्या शेडमधली आहे. मी केलेली."

शैलेशने मान हलवली. "काका, राग मानू नका. पण पार्लरवर जुनी स्टिक निघाली की ती तुम्हीच केलेली असते."

"कारण मीच केलेली असते."

"ही पण? नेमकी हीच? जी जिंकली ती?"

मझल चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "हे गेली कित्येक वर्षं तेच सांगतायत रे. झोपेतसुद्धा."

"सांगायला काय," शैलेश म्हणाला. "माझे आजोबा सांगायचे, पनवेलचं स्टेशन त्यांनी बांधलं."

एझराने चहा बाजूला सारला. "बिल्ला काढतो. खाली कावळ्याचा पाय असला तर पाटीवर माझं नाव घालायचं. पूर्ण. एझरा आपटेकर, पनवेल."

"आणि नसला तर?"

"तर तुझ्या पार्लरचं नाव ह्या तोंडातून पुन्हा निघणार नाही."

"हे आधी बोलायचं होतं," शैलेश म्हणाला. "काढा."

एझराने सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्याचं टोक बिल्ल्यावर टेकवून धरलं. आतला डिंक ढिला झाल्याचा वास आला. पातळ पात्याने त्याने कड उचलली. मुकुट सुटला आणि टणकन फरशीवर पडला. एझराने फुंकर मारली, कापडाने खाच पुसली आणि काठी उजेडाकडे नेली.

खाचेच्या तळाला तांदळाचा एक दाणा होता. टोकाला टिंब.

शैलेश त्याच्या खांद्यावरून वाकला. "आयला. आहे की खूण." त्याचा आवाजच बदलला. "म्हणजे खरंच इथलीच. काका, मानलं तुम्हाला. हे तर अजून भारी झालं, पनवेलचा पोरगा, पनवेलची स्टिक. पाटीवाल्याला आत्ताच फोन करतो. आपटेकर ना?"

एझराचा अंगठा खाचेवर आला होता. तो म्हणाला, "काठी राहू दे इथे. पॉलिश करायचंय."

शैलेश फोन कानाला लावतच गेला. मझलने पडलेला मुकुट उचलून टेबलावर ठेवला.

"अंगठा काढा."

"काम कर तुझं."

"त्या खाचांचा भुसा मी झाडलेला आहे. तुमच्या कावळ्याला तीन बोटं असतात."

एझराने अंगठा काढला.

"त्याला कळणार नाही," मझल म्हणाली. "त्या पोराला कावळा काय आणि तांदूळ काय. तुम्हाला चालेल का तेवढं सांगा, म्हणजे मी पाटीच्या समारंभाला कुठली साडी नेसायची ते ठरवते."

एझराने काठी कापडात गुंडाळली, चपला घातल्या आणि तडक एसटी स्टँडमागे गेला.

ताहेर एका दाराच्या फळीवर लाख चढवत होता. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा फळीकडे पाहिलं. "दुकान बंद आहे."

"ब्रश चालू आहे."

"तुझ्यासाठी बंद आहे."

एझराने कापड सोडून बुंधा त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

ताहेरने खाचेत पाहिलं. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "निघाला का अखेर मुकुट? बरेच दिवस टिकला."

"कुमारच्या काठीचा बुंधा मी घडवला होता. शुक्रवारी खाच कोरली, खूण मारली, आणि तुला सांगून गेलो, कुमारला इंग्लंडचा बिल्ला हवाच आहे, उद्या चिकटव आणि त्याला दे."

"बरोबर. शनिवारी हातात घेतला तर तुझ्या बुंध्याला चीर. जोडापाशी, केसाएवढी. तू घाईने तापवून सुकवला होतास. कुमार दारात उभा. त्याची बस होती. माझा एक बुंधा तयार होता, त्याच लाकडाचा. तो तुझ्या पुढच्या भागाला बसवला आणि दिला."

"आणि रविवारी मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर चीर मीच पाडली म्हणाला असतास."

एझराने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघ," ताहेर म्हणाला. "आत्तासुद्धा तेच म्हणणार होतास."

"माझा बुंधा कुठाय?"

"चुलीत गेला. सफूराने त्याच्यावर बोंबलाची आमटी केली. चांगली झाली होती. तूही जेवलास."

आतल्या खोलीतून ताहेरच्या बायकोचा, सफूराचा, आवाज आला, "दोनदा मागून घेतली होती."

"इतकी वर्षं," एझरा म्हणाला, "इतकी वर्षं तू मला गावभर खोटं बोलू दिलंस."

"तू खोटं बोलत नव्हतास. तू नुसता बोलत होतास. कुमारची काठी माझी, कुमारची काठी माझी. आणि मी तुझ्या शेजारी पॉलिश करत ऐकायचो. मजा यायची, कसम से. मग तू म्हणालास, काठीवर दोन नावं मावत नाहीत. त्यानंतर मजा गेली."

एझराने काठी पुन्हा गुंडाळली. "शैलेशला जाऊन सांग. पाटीवर तुझं नाव घालेल."

"मी सांगू? भीक मागू? मी काय तुझ्यासारखा प्रत्येक पार्लरच्या दारात उभा राहून ओरडतो?" ताहेरने ब्रश उचलला. "तू सांग. भरलेल्या हॉलमध्ये, ज्या तोंडाने आजवर माझी माझी केलंस त्याच तोंडाने. नाही जमत तर घाल तुझं नाव. तुला सवय आहे."

"हलकट आहेस."

"दार ओढून घे जाताना. धूळ बसते लाखेवर."

एझराने दार सताड उघडं टाकलं.

नव्या पार्लरच्या उद्घाटनाला सकाळी झेंडूची तोरणं होती, पेढे होते आणि टेबलांवरचं हिरवं कापड इतकं कोरं होतं की कुणी हात टेकवत नव्हतं. काचेची पेटी रिकामी होती. काठी एझरा स्वतः घेऊन येणार होता. पाटी मात्र लागली होती, वर लाल मखमलीचा तुकडा.

ताहेर शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. त्याला मझलने बोलावलं होतं. "या, तमाशा फुकट आहे," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं.

शैलेशने माईक हातात घेतला. "आज आपल्यात एझराकाका आहेत, ज्यांनी ही क्यू..."

"नाही," एझरा म्हणाला.

"काका, माईकमध्ये बोला."

"मला माईक लागत नाही. ह्या काठीचा बुंधा मी केलेला नाही. त्या तिथे भिंतीला टेकून उभा आहे, त्या ताहेर तुंगेकरने केलाय. कुमार जिंकला तो ह्या बुंध्यावर. आजवर मी माझा सांगत होतो. तो माझा नव्हता."

हॉलमधल्या माना भिंतीकडे वळल्या. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"माझा बुंधा ह्याच्यापेक्षा चांगला होता," एझरा पुढे म्हणाला. "पण तडकला. मीच घाई केली होती."

शैलेशने मखमलीवर हात दाबून धरला. "काका, पाटी कोरून झाली आहे."

"पुसून टाक."

"पितळेवर कोरलंय."

"मग नवी कर. तुला बिल्ला खरा वाटत होता, तुझी शिक्षा तेवढीच."

एझराने काठी पेटीत ठेवली, शैलेशने कुलूप लावलं. बिल्ला त्याने परत लावला नव्हता. खाच उघडी होती, फक्त पारदर्शक लाखेचा पातळ हात दिलेला, त्यामुळे तळ स्वच्छ दिसत होता. ताहेर माणसांमधून वाट काढत पुढे आला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं.

दाण्याच्या खाली, अगदी कडेला, तीन ताज्या रेघा होत्या.

"हे काय?"

"दुरुस्ती केली. बिल्ला काढला, पॉलिश केलं. करणाऱ्याच्या खाली दुरुस्तीवाल्याची खूण. नियम आहे."

"नियम तूच केलेला."

"म्हणून तर पाळतो."

ताहेर आणखी खाली वाकला. "मधली रेघ वाकडी गेली आहे."

"जागा कमी होती. तू दाणा मधोमध घातलास."

"माझा बुंधा होता. मधोमधच घालणार."

"पॉलिश बघ," एझरा म्हणाला. "तुझ्या दारांना शिकायला मिळेल."

"बघितलं. ब्रशचा केस चिकटलाय त्यात."

एझरा काचेवर वाकला. केस खरंच होता, खाचेच्या कडेला, लाखेत अडकलेला. ताहेरने पेढा उचलला, तोंडात टाकला आणि मझलला मान लववून निघून गेला. एझरा मात्र तसाच वाकून उभा राहिला, आणि लोक पेटीसमोर रांग लावू लागले तेव्हा शैलेशला म्हणाला, "किल्ली दे. आज नाही लावायची ही काठी."

"काका, लोक आलेत बघायला."

"थांबतील. त्याच्या बुंध्यावर माझा केस राहणार नाही."